नांगरलेल्या यॉटचे डोलणे, स्टॅबिलायझर आणि डिझेलचा हिशेब

दीपस्तंभ (प्रश्न)

मी एका 20 मीटर लांबीच्या, सुमारे 45 टन वजनाच्या पोलादी मोटर यॉटच्या यंत्रांची देखभाल पाहतो. ही नौका पाणी कापत सावकाश जाणाऱ्या प्रकारची आहे. वेग घेतल्यावर पाण्यावर उचलली जाणारी नाही. तिला डोलणे रोखणारे जुने हायड्रॉलिक फिन स्टॅबिलायझर आहेत, म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली सुमारे पाऊण चौरस मीटरचे एकेक पाते आहे. मुख्य इंजिनावर बसवलेला पंप तेलाचा दाब कायम राखतो आणि नियंत्रकाने आज्ञा दिली की त्या दाबाने पाती वळतात. अडचण अशी की समुद्र अगदी शांत असला तरी पंप तेल ढकलतच राहतो आणि पात्यांना नको असलेले तेल दाबझडपेतून टाकीत परत येते. दाबमापकावर 150 बार आणि प्रवाह मिनिटाला 20 लिटर, म्हणजे 5 किलोवॉट शक्ती बहुतांश वेळ केवळ तेल तापवण्यात खर्च होते. टाकीला हात लावला की ते लगेच कळते.

नांगर टाकल्यावर ही पाती निरुपयोगी ठरतात, कारण त्यांच्यावरून पाणी वाहत नाही. आमचा मुक्काम बहुतेक वेळा उघड्या खाडीच्या तोंडाशी असतो, जिथे वाऱ्याचा मागमूस नसतानाही दूरवरून आलेल्या लांब लाटा नौकेच्या कुशीवर येतात. रात्री नकाशाच्या टेबलाच्या खणातली पेन्सिल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घरंगळत राहते आणि तिच्या आवाजाने झोप लागत नाही. गेल्या हंगामातील नोंदवहीनुसार आम्ही 10 नॉट (तासाला 10 सागरी मैल) वेगाने 240 तास चाललो आणि त्या वेगाला मुख्य इंजिनाने तासाला 38 लिटर डिझेल घेतले. नांगरावरच्या रात्रींचे सुमारे 900 तास 16 किलोवॉटचा जनरेटर चालू होता. त्यावरचा सरासरी भार अवघा 1.5 किलोवॉट होता, तरीही त्याने तासाला 1.6 लिटर डिझेल घेतले.

पुढच्या वेळी नौका सुक्या गोदीत घेतली जाईल तेव्हा स्टॅबिलायझर बदलण्याचा मालकांचा विचार आहे. डिझेलचा वापर खऱ्या अर्थाने कमी व्हावा अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. विजेवर चालणारी पाती, जायरो (वेगाने फिरणाऱ्या जड चाकाचा स्टॅबिलायझर), फिरत्या दंडगोलांचे स्टॅबिलायझर असे पर्याय समोर आहेत आणि प्रत्येकाच्या माहितीपत्रकात ऊर्जेची बचत ठळक अक्षरांत लिहिलेली आहे. यांपैकी कोणता पर्याय आमच्यासारख्या वापराला योग्य ठरेल आणि त्याचा निवाडा कोणत्या आकड्यांवर करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

यंत्रकक्ष

आपण तास आणि लिटर दोन्ही दिले आहेत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज उरत नाही. आधी तेवढेच आकडे शेजारी ठेवून पाहू. मुख्य इंजिनाचे 240 तास आणि तासाला 38 लिटर, म्हणजे 9,120 लिटर. जनरेटरचे 900 तास आणि 1.6 लिटर, म्हणजे 1,440 लिटर. हायड्रॉलिक पंपाचे 5 किलोवॉट 240 तास, म्हणजे 1,200 किलोवॉट-तास. भारावर चालणारे मुख्य इंजिन एका लिटरमागे साधारण 4 किलोवॉट-तास देते असे धरले, तर पंपाच्या वाट्याला सुमारे 300 लिटर येतात आणि ते वरच्या 9,120 मध्येच धरलेले आहेत. ज्या पंपाच्या तापलेल्या टाकीमुळे आपले लक्ष या विषयाकडे गेले, त्याचा वाटा या तिघांत सर्वांत लहान आहे.

याचा अर्थ पंप बदलू नये असा नाही. विजेवर चालणाऱ्या पात्यांत मोटर आणि गिअर थेट पात्याचा दांडा फिरवतात. समुद्र शांत असेल तर मोटर जवळजवळ काहीच घेत नाही आणि लाटा वाढतील तसा तिचा वापर वाढतो. तेलाच्या नळ्या आणि जोड जातात, दांड्याच्या खाली ठेवावे लागणारे तसराळे जाते आणि तळातल्या पाण्यावर तरंगणारा तेलाचा तवंगही जातो. समुद्राच्या दृष्टीने पाहिले तर या शेवटच्या गोष्टीचे मोल मला शे-दोनशे लिटर डिझेलपेक्षा कमी वाटत नाही. आपली पाती, दांडे आणि तळातील मजबुतीकरण धडधाकट असेल तर सगळे उखडून टाकण्याआधी फक्त चालक यंत्रणा बदलता येते का, ते जरूर तपासावे. चांगले पोलाद भंगारात काढून नवे बसवण्यालाही ऊर्जा लागतेच.

पात्यांची खरी किंमत मात्र पंपात नसून पाण्यात मोजावी लागते. पात्यावर निर्माण होणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आपल्या पात्यांचे क्षेत्रफळ 0.75 चौरस मीटर, उत्थापक गुणांक (पाते पाण्यातून किती बल मिळवते त्याचे माप) 0.8 आणि नौकेच्या मध्यापासून बलाचे अंतर अडीच मीटर धरले, तर 10 नॉटला दोन्ही पाती मिळून सुमारे 40 किलोन्यूटन-मीटरचे आघूर्ण, म्हणजे नौकेला कलवणारा जोर, देतात. 5 नॉटला तेच 10 वर येते. शिवाय पाते पाण्यात आहे म्हणजे ते नौकेला मागेही ओढते. पाते सरळ असताना ही ओढ किरकोळ असते, पण ते वळले की उत्थापनासोबत येणारा प्रेरित रोध उत्थापक गुणांकाच्या वर्गाने वाढतो. माझ्या हिशेबाने 10 नॉटला आपली पाती सरासरी 0.3 गुणांकावर काम करत असतील, तर त्या प्रेरित रोधावर मात करण्यासाठी दीड-पावणेदोन किलोवॉट लागतील. तीच पाती सरासरी 0.6 वर राबवली तर सातच्या आसपास लागतील. पंख्याने पाणी ढकलताना इंजिनाची जवळजवळ निम्मी शक्ती वाया जाते, हे लक्षात घेता इंजिनाकडे हा आकडा दुप्पट होतो.

म्हणून नियंत्रकावरील संवेदनशीलतेचे बटण कायम टोकाला ठेवू नये, असा माझा आग्रह असतो. पहिले काही अंश डोलणे स्वस्तात कमी होते आणि शेवटचा एक अंश फार महाग पडतो. पेला सांडत नाही एवढे स्थैर्य पुरेसे असेल, तर पेल्यातील पाणी हलूच नये यासाठी डिझेल जाळण्यात अर्थ नाही.

आपण 8 नॉटला किती डिझेल लागते ते दिलेले नाही. तो आकडा कृपया द्यावा, कारण माझ्या मते सर्वांत मोठी बचत तिथे दडलेली आहे.

खलाशीमित्र

यंत्रकक्ष यांचे गणित मला मान्य आहे, परंतु प्रश्नकर्त्याची झोप उडते ती नांगरावर, आणि तिथे चालू वेगाची पाती काहीच करू शकत नाहीत. शून्य वेगावर काम करणारी पाती मिळतात, हे खरे. ती वल्ह्यासारखी वेगाने हलून स्वतःच पाणी ढकलतात. पण त्यासाठी पाते मोठे लागते आणि ते चालताना ओझे होते. शिवाय विजेची मागणी प्रत्येक हेलकाव्यागणिक झटक्याने उसळते आणि सरासरीच्या कित्येक पट वर जाते. इन्व्हर्टर त्या उसळीच्या मापाने घ्यावा लागतो. पाते उलटताना होणारा धपका पोलादी तळातून थेट खालच्या शयनकक्षात ऐकू येतो, हेही मी अनुभवाने सांगतो.

आमच्या साधारण एवढ्याच नौकेवर जायरो आहे. त्याचे तत्त्व समजून घेतले की विजेचा हिशेबही समजतो. जड फ्लायव्हील निर्वात पेटीत अतिशय वेगाने फिरते. नौका एका बाजूला कलू लागली की फिरत्या चाकाची चौकट पुढे-मागे झुकते आणि त्या झुकण्याच्या वेगाला चाकाच्या कोनीय संवेगाने गुणले की जे आघूर्ण मिळते, ते नौकेच्या डोलण्याला विरोध करते. उदाहरणादाखल 200 किलो वजनाचे आणि पाव मीटर परिभ्रमण त्रिज्येचे चाक मिनिटाला 9,000 फेऱ्यांनी फिरत आहे असे धरा. त्यात साठलेली ऊर्जा सुमारे दीड किलोवॉट-तास भरते आणि चौकट सेकंदाला एक रेडियन या वेगाने झुकली तर सुमारे 12 किलोन्यूटन-मीटर आघूर्ण मिळते. यंत्रकक्ष यांच्या आकड्यांशी ताडून पाहिले तर आपली पाती साडेपाच नॉटच्या आसपास या जायरोची बरोबरी करतात. त्याहून वेगात पाती सरस ठरतात, त्याखाली जायरो.

आता ऊर्जा कुठे जाते ते पाहू. नौकेला सावरण्याच्या कामात फार थोडी जाते. चाक फिरते ठेवताना बेअरिंगमध्ये होणारे घर्षण आणि पेटीत उरलेल्या विरळ हवेचा रोध हे मुख्य खर्च आहेत. पेटीतून हवा काढून टाकण्यामागे हेच कारण आहे. आमच्या जायरोला थंड करणाऱ्या पंपासह सरासरी 2 किलोवॉट लागतात. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन यंत्रकक्षात किंवा थंड करणाऱ्या पाण्यात उतरते. जायरो राहत्या खोलीच्या पलंगाखाली बसवला असेल तर त्या उष्णतेसाठी वातानुकूलन यंत्रावरही भार पडतो, म्हणून जागा निवडताना याचा विचार अवश्य करावा.

रात्रीच्या 10 तासांना 2 किलोवॉट म्हणजे 20 किलोवॉट-तास. आपला नेहमीचा 1.5 किलोवॉटचा भार मिळवला की एका रात्रीची गरज 35 किलोवॉट-तास होते. बॅटरीत भरताना आणि काढताना होणारा तोटा धरून सुमारे 40 किलोवॉट-तास निर्माण करावे लागतील. आता आपल्या सध्याच्या रात्रीशी तुलना करा. 16 किलोवॉटचा जनरेटर 1.5 किलोवॉटवर 10 तास चालवून आपण 16 लिटर डिझेलमागे फक्त 15 किलोवॉट-तास मिळवता. तोच जनरेटर 12 किलोवॉटच्या भारावर चालवला तर एका लिटरला साधारण 3 किलोवॉट-तास देतो. म्हणजे जायरोसकट संपूर्ण रात्रीची वीज साडेतीन तासांत आणि 13 ते 14 लिटरमध्ये बॅटरीत भरून होईल. नवे उपकरण वाढवूनही डिझेल कमी लागेल आणि रात्र शांत जाईल. हलक्या भारावर तासन्‌तास चालणाऱ्या डिझेल इंजिनात ज्वलन अर्धवट होते, सिलिंडरच्या भिंतींवर काजळी आणि चिकट थर बसतो आणि नौकेच्या बाजूला एक्झॉस्टखाली काळा ओघळ उमटतो. आपल्या नौकेवर तो ओघळ नक्कीच असेल.

बॅटरीचे ओझे लहान नाही, हे मान्य करायला हवे. 35 किलोवॉट-तास वापरायचे असतील आणि बॅटरीच्या क्षमतेतील 80 टक्केच वापरायचे असतील, तर सुमारे 44 किलोवॉट-तासांची बँक लागेल. 24 व्होल्टला ती 1,800 अँपिअर-तासांच्या पुढे जाते, म्हणून 48 व्होल्टचा विचार करावा. तारा बारीक राहतात आणि त्यांतील तोटाही घटतो.

जायरो घेतलात तर पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी अशी एक सवय सांगतो. जायरोचे चाक पूर्ण वेगाला यायला पाऊण तास सहज लागतो. आम्ही मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचण्याच्या तासभर आधी ते सुरू करतो, म्हणजे मुख्य इंजिन भारावर असतानाच त्याचा अल्टरनेटर चाकाला वेग देतो आणि नांगर पडेपर्यंत चाक तयार असते. एकदा फिरू लागलेले चाक निर्वातात कित्येक तास फिरत राहते, त्यामुळे मधल्या थोड्या विश्रांतीसाठी ते बंद करून पुन्हा सुरू करण्यात फायदा नाही.

तळरेषा

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत. तरीही खलाशीमित्र यांच्याशी एका बाबतीत मी असहमत आहे. 44 किलोवॉट-तासांची बॅटरी ही उपाययोजनेची सुरुवात असू नये. जे डोलणे वीज न वापरता थांबवता येते, ते आधी थांबवावे, आणि उरलेल्यासाठीच यंत्र घ्यावे. तसे केले की यंत्र लहान लागते, बॅटरी लहान लागते आणि दोन्हीवरचा भरवसाही कमी ठेवावा लागतो.

नौकेला डोलण्याची स्वतःची एक लय असते आणि त्या दिशेने पाणी तिला फारच थोडा विरोध करते. लाटांचा काळ त्या लयीशी जुळला की लहानशी लाटही मोठा झोका देते, जसा झोपाळा वेळेवर दिलेल्या हलक्या धक्क्यानेही उंच जातो. त्यामुळे थोडासा अवरोध वाढवला तरी नेमक्या त्या घातक लयीवर मोठा फरक पडतो. विल्यम फ्राउड यांनी 1870 च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या ग्रेहाउंड आणि पर्सियस या जहाजांची शेजारी-शेजारी चाचणी घेऊन हेच दाखवले. तळाच्या वळणावर लांब पट्ट्या, म्हणजे बिल्ज कील, बसवलेले जहाज त्या नसलेल्या जहाजापेक्षा उघडपणे कमी डोलत होते. या पट्ट्यांना वीज लागत नाही, त्या बिघडत नाहीत आणि चालतानाही तसेच नांगरावरही काम करतात. आपली नौका पोलादी आहे, त्यामुळे गोदीत असताना त्या वितळजोडणीने (वेल्डिंगने) बसवणे सोपे आहे. पट्टी पाण्याच्या प्रवाहरेषेला धरून बसली पाहिजे, एवढीच अट आहे. तिरपी बसली तर ती वर्षानुवर्षे ब्रेकसारखी ओढत राहील. म्हणून तळावर लोकरीचे दोरे चिकटवून किंवा रंगाच्या रेघा मारून प्रवाहाची दिशा पाहिल्याशिवाय वितळजोडणी करू देऊ नये.

पाण्याच्या टाक्यांचा मार्गही जुना आहे. इन्फ्लेक्सिबल या युद्धनौकेवर फिलिप वॉट्स यांनी 1880 च्या दशकात मोकळ्या पृष्ठभागाच्या टाक्या वापरल्या आणि हर्मन फ्राम यांनी 1911 च्या सुमारास इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या टाक्या मांडल्या. टाकीतले पाणी नौकेच्या मागून, नेमक्या उशिराने, एका बाजूकडून दुसरीकडे जाते आणि कलाला विरोध करते. पण मोकळे पाणी नौकेचे मूळ स्थैर्य थोडे घटवते आणि टाकी नौकेच्या लयीशी जुळवावी लागते. 20 मीटरच्या नौकेत तेवढी जागा काढणे कठीण आहे, म्हणून हा पर्याय मी इथेच सोडतो.

जायरोबद्दलही इतिहास काही सांगतो. 1932 च्या कोंते दी सावोया या इटालियन प्रवासी जहाजावर प्रत्येकी सुमारे 100 टनांची तीन चाके होती. त्यानंतर चालत्या प्रवासी जहाजांनी जायरोचा मार्ग सोडून पात्यांचा धरला, कारण चालत्या जहाजाला पाण्याचा प्रवाह आयताच मिळतो. आज जायरो परत आला आहे तो नांगरलेल्या आणि लहान नौकांसाठी, आणि तिथे त्याची जागा योग्य आहे.

नांगरावर सर्वांत आधी करून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे दांडीला टांगलेली बिजागरीची पाटी. नौकेच्या मध्याजवळ दोन्ही बाजूंना चार-चार मीटरच्या दांड्या आडव्या बाहेर काढायच्या आणि त्यांच्या टोकांना दोरावर एकेक पाटी पाण्यात खोल सोडायची. नौका त्या बाजूला झुकली की पाटी मिटून सहज खाली जाते. नौका उलट कलू लागली की पाटी उघडते आणि दोर ताणला जाऊन झोका तिथेच अडतो. दुसरा उपाय म्हणजे नांगराच्या साखळीला मागच्या कोपऱ्याकडून एक दोर बांधून नौकेचे तोंड लाटेकडे वळवून धरणे. वारा आणि लांब लाट वेगवेगळ्या दिशांनी येतात, आणि नौका वाऱ्याकडे तोंड करून राहते म्हणूनच लाट कुशीवर घेते. जोरदार वारा सुटण्याची शक्यता असेल तेव्हा मात्र हा दोर बांधू नये, कारण नौका वाऱ्याला आडवी धरली तर नांगरावरचा ताण फार वाढतो.

हे करण्याआधी आपल्या नौकेची लय मोजावी. शांत पाण्यात चार जणांनी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे तालात चालून नौका डोलवावी आणि मग स्थिर उभे राहून लागोपाठ पूर्ण हेलकाव्यांचा वेळ घ्यावा. नौकेची रुंदीही कळवावी.

दीपस्तंभ

तिन्ही जाणकारांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आकडे हातात आल्याशिवाय लिहिणे बरोबर वाटले नाही.

8 नॉटला मुख्य इंजिन तासाला 17 लिटर घेते. हा वेग आम्ही फारसा वापरत नाही, कारण त्या वेगाला पाती अपुरी पडतात आणि पाहुण्यांना त्रास होतो. म्हणून कप्तान वेग वाढवतात. नौकेची रुंदी 5.4 मीटर आहे. लय मोजताना एकदा डोलवल्यावर नीट वाचता येतील असे पाच-सहाच हेलकावे मिळत, म्हणून आम्ही दोनदा पाच-पाच मोजले. दहा हेलकाव्यांना मिळून 52 सेकंद लागले. स्टॉपवॉच घेऊन आम्ही दोघे वेगवेगळे मोजत होतो आणि दोघांच्या नोंदींत अर्ध्या सेकंदाचाही फरक आला नाही.

शेजारच्या शिडाच्या नौकेवरून दोन बिजागरी पाट्या उसन्या मिळाल्या. आमच्याकडे दांड्या नव्हत्या, म्हणून होडी उतरवण्याच्या क्रेनचा दांडा एका बाजूला वापरला आणि एकच पाटी सोडली. फोनमधल्या कलमापकावर पाटी नसताना दोन्ही बाजूंना 9 अंशांपर्यंत कल दिसत होता, तो 6 अंशांच्या आसपास आला. खणातली पेन्सिल अजून हलते, पण टोकापर्यंत जात नाही. एक्झॉस्टखालचा काळा ओघळही आहे आणि तो दर आठवड्याला धुवावा लागतो.

यंत्रकक्ष

आपण दिलेल्या दोन आकड्यांनी चित्र स्पष्ट झाले. 240 तास 10 नॉटने म्हणजे 2,400 सागरी मैल. तेवढेच अंतर 8 नॉटने कापायला 300 तास लागतील आणि 5,100 लिटर डिझेल लागेल. आपल्या 9,120 लिटरमधून ते वजा जाता 4,000 लिटरहून अधिक बचत होते. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एका हंगामात 10 टनांहून अधिक. वापरणाऱ्या यंत्रांत एकही बदल न करता एवढी बचत केवळ वेगात आहे, आणि ती आपल्याला घेता येत नाही त्याचे कारण आपण स्वतःच लिहिले आहे. पाती 8 नॉटला अपुरी पडतात, म्हणून कप्तान 10 नॉटने जातात. स्टॅबिलायझर किती वीज खातो याहून, तो नौकेला किती सावकाश जाऊ देतो, हा प्रश्न आपल्या बाबतीत मोठा आहे.

लय 5.2 सेकंद आणि रुंदी 5.4 मीटर यांवरून आपल्या नौकेची मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कलल्यावर सरळ होण्याच्या तिच्या जोराचे माप, 0.7 मीटरच्या आसपास येते. म्हणजे तिला एक अंश कलवायला सुमारे 5.3 किलोन्यूटन-मीटर लागतात. आपली पाती 10 नॉटला साडेसात अंशांइतका जोर देतात, 8 नॉटला सुमारे पाच अंशांइतका. खलाशीमित्र यांनी उदाहरणात घेतलेला जायरो सव्वादोन अंशांचा. तळरेषा यांच्या बिल्ज कीलमुळे आघूर्णात थेट भर पडत नसली, तरी लयीवर साठत जाणारा झोका मुळातच लहान राहतो आणि पात्यांचे काम हलके होते. म्हणून मी बिल्ज कील आधी आणि पाती नंतर असा क्रम सुचवतो. पाती तीच ठेवून चालक यंत्रणा विजेची करावी आणि नव्या नियंत्रकात 8 नॉटसाठी वेगळी जुळवणी करून घ्यावी. जुने नियंत्रक अनेकदा एकाच वेगासाठी जुळवलेले असतात आणि वेग घटला तरी पात्याचा कोन पुरेसा वाढवत नाहीत. आपल्या 8 नॉटच्या तक्रारीचा काही भाग तिथेही असू शकतो आणि तो तपासायला काही सुटे करावे लागत नाही.

फिरत्या दंडगोलांचा पर्याय आपण विचारला होता. त्यात वाहत्या पाण्यात दंडगोल फिरवून मॅग्नस परिणामाने, म्हणजे फिरण्यामुळे येणाऱ्या आडव्या जोराने, बल मिळवले जाते आणि कमी वेगाला तो पात्याहून प्रभावी असतो. परंतु बंदरात आणि वेगात असताना तो मिटवून ठेवावा लागतो आणि नांगरावर पाणी वाहत नसल्यामुळे तिथे त्याचाही उपयोग मर्यादितच राहतो. धडधाकट पाती काढून तो बसवावा असे आपल्या बाबतीत मला वाटत नाही.

नांगरावरच्या रात्रींसाठी आधी योग्य दांड्या करून दोन्ही बाजूंना पाट्या लावाव्यात आणि एक हंगाम नोंद ठेवावी. एकाच पाटीने 9 वरून 6 अंश मिळाले आहेत, तर दोन्ही बाजूंनी आणखी सुधारणा होईल. जायरो असो वा नसो, बॅटरी मात्र लगेच घ्यावी, पण फक्त रात्रीच्या 15 किलोवॉट-तासांच्या मापाची. तेवढ्याने जनरेटरचे रात्रभराचे 16 लिटर सहाच्या आसपास येतील आणि 900 तासांवर ही बचत सुमारे 900 लिटर होते. बॅटरीची जागा आणि तारा मात्र पुढे दुप्पट क्षमता बसवता येईल अशा ठेवून घ्याव्यात. हंगामाअखेर नोंदवहीत पाट्या अपुऱ्या पडलेल्या रात्री खरोखरच पुष्कळ निघाल्या, तर जायरो घ्यावा. तो तेव्हा लहान मापाचा चालेल आणि त्याचा पाया बसवायच्या फ्रेम याच गोदीवारीत मजबूत करून ठेवल्या तर पुन्हा तळ उघडावा लागणार नाही.

गोदीत नौका उचलल्यावर पहिल्याच दिवशी एक काम करावे. नियंत्रक शून्य कोन दाखवत असताना दोन्ही पाती खरोखर पाण्याच्या प्रवाहाला समांतर आहेत का, हे सांध्यावर खूण करून मोजावे. दोन-तीन अंशांची चूक असेल, तर शांत समुद्रातही ती पाती दिवसभर एकमेकांविरुद्ध जोर लावत नौकेला मागे ओढत असतात. आणि पात्यांवर शिंपले चढलेले असतील, तर रंगारी ते खरवडून टाकण्याआधी त्यांचे छायाचित्र काढून इथे द्यावे. शिंपले कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत, यावरून पाणी पात्याच्या कोणत्या बाजूने नीट वाहत नाही, याचा अंदाज घेता येतो.